माणदेशातला चैत्र

सातारहून पंढरीला निघालेल्या वारकऱ्याला दहिवडीच्या पुढे गोंदवले लागते. मुलूख माणदेशाचा, पाऊस बेताचा. माणगंगा नावाची नदी खरी, पण वर्षातले पुष्कळ दिवस नुसती वाळू. तरी ती आटपाडीच्या अंगाने जाते आणि शेवटी आपल्या भीमेलाच मिळते!

या गोंदवल्यात माघ शुद्ध द्वादशी, शके 1766 रोजी, म्हणजे 19 फेब्रुवारी 1845 ला श्रीब्रह्मचैतन्य महाराजांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव गणपती. घराणे विठ्ठलभक्ताचे, पंढरीची वारी करणारे. लहान वयातच ते गुरूच्या शोधात घराबाहेर पडले. पुष्कळ पायपीट झाली आणि येहेळेगावी श्रीतुकामाईंचे पाय सापडले. गुरूंची आज्ञा झाली ती संसारात राहून लोकांना रामनामाला लावण्याची.

आणि संसार तरी कसा वाट्याला आला? तान्हे मूल गेले, पत्नी सरस्वतीबाईही गेल्या. आपण असतो तर देवाला बोल लावून बसलो असतो. महाराजांनी दुसरे लग्न केले ते आटपाडीच्या एका आंधळ्या मुलीशी. जिला कोणी पत्करीना, तिला त्यांनी आपल्या घराची गृहिणी केली. पुढे भक्तमंडळी तिलाच आईसाहेब म्हणू लागली.

शके 1798 साली, म्हणजे 1876 मध्ये पावसाने दगा दिला. दख्खनभर दुष्काळ पडला. गुरे गेली, माणसे देशोधडीला लागली. महाराजांनी आपल्या शेतात माती खणण्या-वाहण्याचे काम काढले. येईल त्याला काम आणि काम करील त्याला पोटाला अन्न. यातली खुबी ध्यानात घ्या बरे का! नुसते वाढले असते तर माणूस ओशाळला असता. घाम गाळून खाल्लेल्या भाकरीने पोटही भरले आणि मानही राहिला.

1877 च्या उत्तरार्धात पाऊस आला. दुष्काळ सरला. पुन्हा चैत्र आला, दारोदारी गुढ्या लागल्या. चैत्रातला लिंब पाहिला आहे ना? जमीन तापलेली असते, मृगाला अजून दोन महिने असतात, तरी त्याला कोवळी पालवी आणि मोहोर येतो. पावसाची वाट पाहून मग हिरवे व्हायचे, हे त्याला ठाऊकच नाही. महाराजांचे तसेच झाले. घरात दुःख असताना त्यांनी दुसऱ्याला घर दिले, मुलखात धान्य नसताना भाकरी दिली. देवाचे उपकार मानायचे ते सुगी आल्यावरच, असे त्यांनी कधी केले नाही.

मार्गशीर्ष वद्य दशमी, शके 1835 रोजी, 22 डिसेंबर 1913 ला, त्यांनी गोंदवल्यासच देह ठेवला. तिथे आजही नाम चालते, आणि येणाऱ्याला प्रसादाचे ताट मिळते.

तेव्हा मंडळी, यंदा गुढी उभाराल तेव्हा गेल्या सालात काय गेले त्याचा हिशेब नका मांडू. जे उरले आहे त्यातली अर्धी भाकरी कोणाला देता येईल ते पाहा. पांडुरंगाचे आभार त्यातच आले.

रामकृष्णहरी!