लक्ष्मीबाईंची क्षमा

क्षमा म्हणजे झाले गेले विसरून जाणे, अशी आपली एक सोयीची समजूत आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे चरित्र जितक्यांदा मी मनात घोळवतो, तितक्यांदा ही समजूत मला अपुरी वाटते. या बाईंनी फार मोठी क्षमा केली. पण त्या विसरल्या मात्र काहीच नाहीत.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचे, सोवळ्याओवळ्याने गांजलेले. 1880 च्या सुमारास नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. टिळक प्रतिभावान कवी, हाताचे उदार, पण रागीट आणि लहरी. घरात न सांगता निघून जाण्याची त्यांची खोड जुनीच होती. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळी ब्राह्मण घरातील स्त्रीला हे जिवंतपणीचे वैधव्यच होते. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. दुःखाने अंथरूण धरण्याची पाळी आली. त्याच दुःखात त्यांच्या पहिल्या कविता जन्मल्या.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम करीत. पत्नीशी नाते त्यांनी तोडले नाही आणि बाप्तिस्म्यासाठी सक्तीही केली नाही. चारएक वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, त्या हिंदू म्हणूनच. जेवण्याखाण्याचे आपले सोवळे त्यांनी वेगळे सांभाळले. मला या चरित्रात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. मने जुळल्यावर मग एकत्र राहू, असे त्यांनी म्हटले नाही. आधी एका छपराखाली आल्या आणि मने मागाहून जुळली. पुढे जातीभेद माणसाने केला, देवाने नव्हे, हे त्यांना स्वतःच्याच विचाराने उमगले. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे क्षमा हे त्यांच्या धर्मांतराचे फळ नव्हते. ती त्याच्या आधीची पायरी होती.

त्यानंतर संसार गोडीगुलाबीचा झाला असे कोणी समजू नये. टिळकांचा राग तोच, घरातले पैसे दुसऱ्याला देऊन टाकण्याची सवयही तीच. भांडणे होत आणि मिटत. म्हणजे क्षमा एकदाच करून संपली नाही. ती रोजच्या चुलीसारखी रोज पेटवावी लागली. याच घरात दुष्काळातील अनाथ मुलांना आसरा मिळाला.

9 मे 1919 रोजी टिळक वारले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि अखेरीस मुलगा देवदत्त याने पुरे केले. ज्या श्रद्धेपायी नवरा दुरावला होता, तिचेच काव्य लिहिण्यात बाईंनी उतारवय वेचले. आणि ‘स्मृतिचित्रे’त पतीचे सगळे दोष, स्वतःची सगळी फजिती त्यांनी हसत हसत सांगून टाकली. 1936 साली त्यांचे निधन झाले.

आमच्या आदिलाबादकडे ही गोष्ट चटकन पटावी. 1956 साली किनवट व राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले; पण पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरची सोयरीक तुटली नाही. रेघ पुसली जाण्याची वाट न पाहता माणसे ये-जा करीत राहिली. लक्ष्मीबाईंनी घरात हेच केले. ज्याच्या घरात कोणाशी बोलणे बंद आहे, त्याने एवढे ध्यानात घ्यावे, की मन साफ होईपर्यंत थांबणे जरुरीचे नाही. आधी उंबरा ओलांडावा. घडलेले लपवू नये, पण त्याचे शस्त्रही करू नये. बाईंनी घडलेल्याचे पुस्तक केले, आणि ते वाचताना टिळकांवर राग येत नाही, लोभच जडतो.