हिशेब मागणारा संशोधक : अर्थशास्त्रज्ञ डॉ. बाबासाहेब आंबेडकर

दरवर्षी १ एप्रिल आला की एक संदेश मोबाईलवर फिरू लागतो : रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली. संदेश पुढे पाठवणाऱ्या तरुणाच्या मनात अभिमान असतो आणि तो रास्त आहे. पण बाबासाहेबांनी नेमके काय संशोधन केले, ते कोणासमोर मांडले आणि त्यातून आपल्यासारख्यांच्या पोटापाण्याशी काय संबंध आला, असे विचारले तर बहुतेकांना पुढे सांगता येत नाही. आपण घटनाकार बाबासाहेब ओळखतो, महाड आणि काळारामचे बाबासाहेब ओळखतो, दीक्षाभूमीवरचे बोधिसत्व ओळखतो. पण जमाखर्चाचे आकडे उलटेपालटे करून सत्तेला जाब विचारणारा संशोधक अजून पुष्कळांच्या ओळखीचा नाही. खरे तर त्यांच्या सार्वजनिक जीवनाची पहिली दहा वर्षे याच कामात गेली.

कंपनीच्या वह्या उघडणारा विद्यार्थी

सुभेदार रामजींचा भिवा १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. वय होते २२. फेब्रुवारीत वडील गेलेले, घरची जबाबदारी डोक्यावर. तिथे प्रा. एडविन सेलिग्मन यांच्यासारखा सार्वजनिक वित्तशास्त्रातला जगन्मान्य शिक्षक लाभला.

मे १९१५ मध्ये बाबासाहेबांनी एम.ए.साठी प्रबंध लिहिला, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनावर आणि वित्तव्यवहारावर. विषयाची निवडच पाहा. इंग्रजांचे राज्य चांगले की वाईट यावर त्या काळी भाषणे खूप होत होती. बाबासाहेबांनी कंपनीचा महसूल आणि खर्च समोर ठेवला. कंपनीला पैसा कुठून येत होता? शेतसारा, मीठ, अफू, जकात. जात कुठे होता? लष्कर, युद्धे, कर्जावरचे व्याज आणि विलायतेतला खर्च. रस्ते, कालवे, शिक्षण यांच्या वाट्याला उरलेसुरले.

ही एका व्यापारी कंपनीच्या वागणुकीची चिकित्सा होती. १८३३ च्या सनदी कायद्याने कंपनीचा व्यापार बंद झाला, पण भागधारकांचा लाभांश बंद झाला नाही. साठ लाख पौंडांच्या भांडवलावर दरसाल साडेदहा टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार पौंड, भारताच्या महसुलातून त्यांना मिळत राहिले. १८५८ मध्ये कंपनीचे राज्य गेले तेव्हा तिचे कर्ज मात्र इथल्या रयतेच्या डोक्यावर तसेच राहिले. ज्यांना जिंकले, त्यांच्याकडूनच जिंकण्याचा खर्च वसूल झाला. इंग्लंडला भारताने किती दिले आणि भारताला इंग्लंडने किती दिले, याची तुलना करून विद्यार्थी असलेल्या बाबासाहेबांनी निष्कर्ष काढला, की पहिली बाजू डोळे दिपवणारी आहे आणि दुसरी जवळपास रिकामी.

कर कोण भरतो आणि ठरवतो कोण

यानंतरचा अभ्यास ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीचा. हाच त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध. १९२५ मध्ये तो लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनाने ग्रंथरूपात काढला. प्रस्तावना सेलिग्मन यांची, अर्पण सयाजीरावांना.

१८३३ पासून सगळी तिजोरी मध्यवर्ती सरकारच्या हाती होती. प्रांत खर्च करीत, पण पैसा उभारण्याची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती. त्यामुळे काटकसर कोणीच करेना. १८७१ पासून प्रांतांना आधी ठरावीक रक्कम, मग काही ठरावीक उत्पन्ने आणि १८८२ पासून उत्पन्नात वाटा अशा तीन टप्प्यांनी व्यवस्था बदलत गेली. बाबासाहेबांनी प्रत्येक टप्प्याचे आकडे तपासले. पण केंद्र आणि प्रांत यांच्यातल्या वाटणीवर ते थांबले नाहीत. ही सगळी वाटणी सरकारच्याच दोन खिशांमधली होती, कर भरणाऱ्याला त्यात आवाज नव्हता. खर्च करणारे सरकार लोकप्रतिनिधींना जबाबदार नसेल, तर नुसत्या विकेंद्रीकरणाने गरिबाचे भले होत नाही, हे त्यांनी दाखवले.

पदवी हातात, पाणी वेगळे

१९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात त्यांची नेमणूक महालेखापालांच्या कार्यालयात उमेदवार म्हणून झाली. ज्याने एका साम्राज्याच्या जमाखर्चाची झाडाझडती घेतली होती, त्याला त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढले. आज ज्या जागेला आपण संकल्पभूमी म्हणून वंदन करतो, तिथला तो दिवस याच नोकरीच्या काळातला.

मुंबईत येऊन त्यांनी गुंतवणूक करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईके फिरकेनाशी झाली आणि व्यवसाय बुडाला. बाजाराला जात नसते असे म्हणणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी. सल्ल्यात खोट नव्हती, तरी तो घेणारे कोणी राहिले नाही.

१९१८ मध्ये सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात ते राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथेही काही सहकाऱ्यांनी पिण्याच्या पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली. त्याच वर्षी त्यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर शोधनिबंध लिहिला. शेताचा तुकडा केवळ लहान असतो म्हणून शेती तोट्यात जात नाही. त्या तुकड्यावर किती माणसांचा भार आहे आणि राबायला भांडवल किती आहे, यावर सगळे अवलंबून असते. म्हणून शेतीवरची जादा माणसे उद्योगांकडे वळवली पाहिजेत, ही त्यांची मांडणी होती.

रुपयाचा प्रश्न म्हणजे मजुरीचा प्रश्न

साठवलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज एवढ्या पुंजीवर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. पुढचा प्रबंध होता रुपयाच्या प्रश्नावर. परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. पैसे संपत आले होते, म्हणून मुंबईत परतून त्यांनी फेरलेखन केले. निष्कर्ष मात्र बदलले नाहीत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली आणि ग्रंथही प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. प्रस्तावना लिहिणारे प्रा. एडविन कॅनन त्यांच्याशी सर्व बाबतींत सहमत नव्हते, तरी त्यांच्या युक्तिवादाची धार त्यांनी मान्य केली.

विषय अवघड वाटतो, पण गाभा सोपा आहे. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. त्याआधी कोणीही चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. पुढे रुपयाचा भाव पौंडाशी जोडला गेला आणि नाणी किती पाडायची हे सरकारच्या मर्जीवर आले. जॉन मेनार्ड केन्ससारखा अर्थतज्ज्ञ या सुवर्ण विनिमय परिमाणाचा पुरस्कर्ता होता. तिशीतल्या बाबासाहेबांनी त्याच्याविरुद्ध बाजू मांडली. सरकारच्या हाती चलन वाढवण्याची मोकळीक राहिली, की ते वाढवले जाणार आणि महागाई होणार. विलायतेशी दर स्थिर राहिला तरी बाजारात रुपयाला मिळणारे धान्य कमी झाले, तर गरिबाला त्या स्थैर्याचा काय उपयोग? म्हणून चलन काढण्यावर सरकारला मोडता येणार नाही अशी मर्यादा हवी, असा त्यांचा आग्रह होता.

१९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी हेच सांगितले. त्या वेळी रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स असावा की १ शिलिंग ६ पेन्स, यावर मोठा वाद होता. दर खाली आणला तर देशाचा फायदा होतो, असे व्यापारी म्हणत. बाबासाहेबांनी विचारले, देशात कोणाचा? दर उतरला की भाव चढतात, मजुरी मात्र तितक्या वेगाने चढत नाही. म्हणजे निर्यातदाराचा नफा कामगाराच्या ताटातून येतो.

या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. बाबासाहेबांचा संबंध आहे तो असा. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपण मानतो, तर बाबासाहेबांविषयीचे वाक्यही तपासूनच पुढे पाठवले पाहिजे. तपासल्यावर त्यांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. ज्या चर्चेत व्यापारी, बँकवाले आणि सरकार बोलत होते, तिथे त्यांनी मजुराची बाजू आकड्यांनिशी उभी केली.

वर्गातून विधिमंडळात, विधिमंडळातून संविधानात

१९२५ ते १९२८ या काळात वकिली आणि चळवळ सांभाळून ते मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत होते. ज्या १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्याच वर्षी मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी कररचनेतला अन्याय उघड केला. प्राप्तिकर देणाऱ्याला ठरावीक उत्पन्नापर्यंत सूट, पण शेतकऱ्याचे शेत एक गुंठा असो की शंभर एकर, पीक येवो की न येवो, शेतसारा चुकत नाही.

पुढे संविधान घडत असताना हा संशोधक ठिकठिकाणी दिसतो. केंद्र आणि राज्यांमध्ये महसुलाची वाटणी सुचवणारा वित्त आयोग अनुच्छेद २८० मध्ये आला. प्रांतिक वित्तावरचा प्रबंध वाचलेल्याला त्यामागचा प्रश्न लगेच ओळखू येतो. अनुच्छेद १४८ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षक आला. मे १९४९ मध्ये संविधान सभेत त्यावर चर्चा झाली, तेव्हा हा अधिकारी संविधानातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत बाबासाहेबांनी मांडले. संसदेने मंजूर केलेल्या खर्चापेक्षा जास्त खर्च होत नाही ना आणि तो मंजूर कामासाठीच होतो ना, हे पाहणारा माणूस सरकारच्या दबावाखाली असता कामा नये. कंपनीच्या राज्यात रयतेच्या वतीने हिशेब तपासणारा कोणी नव्हता. १९१५ च्या प्रबंधात दिसलेली ही उणीव भरून काढण्याची व्यवस्था संविधानात झाली, असेच म्हणावे लागेल.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचा हा वारसा मात्र आपण कपाटात ठेवून दिला आहे.

तरुण मित्रांनो, अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी आपल्या जिल्ह्यात किती आला आणि कशावर खर्च झाला? शिष्यवृत्ती किती महिने रखडली? या प्रश्नांवर मोर्चे काढलेच पाहिजेत. पण मोर्चाच्या हातात आकडे असले, तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावेच लागते. महालेखापरीक्षकांचे अहवाल सर्वांसाठी खुले आहेत. २००५ चा माहिती अधिकार कायदा आपल्या हाती आहे. अर्थसंकल्पाची पुस्तके संकेतस्थळावर आहेत. वाणिज्य शाखेत शिकणारी, सी.ए. करणारी, बँकेत काम करणारी आपली मुले-मुली आता प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार यासाठी द्यावा.

आणि हिशेब फक्त सरकारला मागून चालणार नाही. विहाराची दानपेटी, जयंतीची वर्गणी, संस्थेचे अनुदान यांचा ताळेबंद दरवर्षी फलकावर लागला पाहिजे. धम्मातली सम्यक आजीविका व्यक्तीला लागू आहे, तशी संस्थेच्या व्यवहारालाही लागू आहे.

महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या सहाव्या खंडात हे अर्थशास्त्रीय ग्रंथ आहेत. येत्या जयंतीपूर्वी प्रत्येक वाचनगटाने तो खंड आणावा आणि सुरुवात ईस्ट इंडिया कंपनीवरच्या छोट्या प्रबंधाने करावी. काही बैठकांत तो वाचून होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!