मिरवणुकीला वाट करून देणारी बाई

फेब्रुवारी महिना आला की ब्राझील देशातील रिओ शहराच्या कार्निव्हलची चित्रे आपल्या घरोघरच्या टेलिव्हिजनवर दिसू लागतात. उंच चित्ररथ, पिसांचे मुकुट, शेकडो वादकांचा ताफा आणि पहाटेपर्यंत न थांबणारे नृत्य. मुले डोळे विस्फारून पाहतात. वडील मंडळी थोडा वेळ पाहून, कपड्यांविषयी काहीतरी पुटपुटून उठून जातात. पण या उत्सवासाठी मुद्दाम रचलेले पहिले गाणे एका पन्नाशी उलटलेल्या पिआनो शिकविणाऱ्या बाईने लिहिले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आम्ही शिक्षक मंडळी. एका शिक्षिकेची ही हकिकत वाचकांना सांगावीशी वाटली.

आधी उत्सवाविषयी दोन शब्द. ईस्टरपूर्वी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्याआधीचे चार दिवस खाऊन, पिऊन, नाचून घ्यावयाचे, तो कार्निव्हल. ब्राझीलमध्ये तो पोर्तुगीज लोकांनी नेला. त्यांच्याकडे त्याचे नाव होते ‘एन्त्रुदो’. लोक एकमेकांवर पाणी ओतीत, पीठ उधळीत, आणि मेणाच्या पोकळ लिंबांत सुगंधी पाणी भरून ती फेकून मारीत. आपल्या वाडवडिलांच्या कोकणातील शिमगा ज्यांनी ऐकून माहीत करून घेतला आहे, त्यांना हे काही परके वाटणार नाही. त्याच पोर्तुगिजांनी हा सण गोव्यातही नेला, आणि गोव्याचे लोक कार्निव्हलला अजून ‘इंत्रूज’ म्हणतात, ते याच शब्दावरून.

आता बाईंकडे वळू. पूर्ण नाव फ्रान्सिस्का एद्विजेस नेवेस गोंझागा. फ्रान्सिस्काचे लाडके रूप शिकीन्या. जग त्यांना शिकीन्या गोंझागा म्हणूनच ओळखते. जन्म रिओ शहरात, १७ ऑक्टोबर १८४७ रोजी. वडील सैन्यात अधिकारी, चांगल्या घराण्यातले. आई रोझा गरीब घरची, मिश्र रक्ताची, जिच्या आधीच्या पिढीने गुलामगिरी भोगली होती. वडिलांच्या घरच्यांना हा संबंध मान्य नव्हता; तरी वडिलांनी मुलीला आपले नाव दिले आणि थोरामोठ्यांच्या मुलींप्रमाणे वाढविले. लिहिणे, वाचणे, गणित, भाषा आणि पिआनो. अकराव्या वर्षी तिने नाताळसाठी पहिले गाणे रचले.

त्या काळी मुलीला पिआनो शिकवीत तो पाहुण्यांपुढे वाजविण्यासाठी आणि लग्न जुळण्यासाठी. ते जुळलेही. १८६३ साली, सोळाव्या वर्षी, वडिलांनी निवडलेल्या जासिंतो रिबैरो दो आमाराल नावाच्या जहाजाच्या व्यवसायातील तरुणाशी तिचे लग्न झाले. वडिलांनी आंदण म्हणून पिआनो दिला. नवऱ्याला तो पिआनो सवतीसारखा वाटू लागला. पुढे ब्राझीलचे पाराग्वे देशाशी युद्ध जुंपले, तेव्हा त्याचे जहाज सैनिक वाहून नेण्याच्या कामी लागले. त्याने बायकोलाही जहाजावर नेले; तिथे पिआनो नव्हता. त्या जहाजावर तिने आणखी एक गोष्ट पाहिली. लढाईवर पाठविलेल्या काळ्या माणसांना तिथे कसे वागवतात, ते. ते ती विसरली नाही.

शेवटी नवऱ्याने सांगितले की संगीत किंवा संसार, यांतले एक निवड. तिने संगीत निवडले, आणि त्याची किंमत फार मोठी पडली. तीन मुलांपैकी फक्त थोरला मुलगा तिच्याबरोबर राहिला. बाकीची दोन नातेवाइकांकडे वाढली. वडिलांनी तर ती आपल्याला मेली असे जाहीर केले, आणि घरात तिचे नाव काढण्याची बंदी झाली. मुलीला आपली आई जिवंत आहे हेही कळू दिले नाही. पुढे एका इंजिनियराबरोबर तिने दुसरा संसार मांडला, एक मुलगी झाली, पण तेही टिकले नाही; ती मुलगी बापाकडे राहिली. आपल्यापैकी कित्येकांना या बाईचे वागणे पटणार नाही. न पटो. परंतु लेकरे दुरावलेली आई रात्री कशी झोपत असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता पोटाचा प्रश्न होता. बाईंनी घरोघर जाऊन पिआनो शिकविण्यास सुरुवात केली. जोआकीं कालादो नावाचे बासरीवादक तेव्हा रिओमध्ये प्रसिद्ध होते. बासरी, गिटार आणि कावाकीन्यो हे छोटे तंतुवाद्य घेऊन त्यांची मंडळी घरगुती समारंभांत वाजवीत. युरोपातून आलेल्या पोल्का नाचाची चाल, पण वाजविण्याची लकब आफ्रिकन वंशाच्या माणसांची. या संगीताला पुढे ‘शोरो’ म्हणू लागले. त्या मंडळीत बाईंनी पिआनो आणला. १८७७ साली अशाच एका बैठकीत त्यांनी बसल्या बसल्या एक पोल्का रचला, ‘आत्राएन्ते’. त्याच्या छापील प्रतींच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. माहेरच्यांना मात्र लाज वाटली. घराण्याचे नाव दुकानात टांगलेल्या कागदांवर दिसू लागले होते.

१८८५ साली त्यांनी एका संगीत नाटकाला संगीत दिले आणि स्वतः उभे राहून वाद्यवृंद चालविला. ब्राझीलमध्ये हे काम करणारी ही पहिलीच बाई. वृत्तपत्रांपुढे पेच पडला, कारण वाद्यवृंद चालविणाऱ्या पुरुषाला शब्द होता, बाईसाठी नव्हता. तो नव्याने करावा लागला. त्यानंतरच्या आयुष्यात सत्त्याहत्तर नाटकांना त्यांनी संगीत दिले आणि सुमारे २००० रचना केल्या, असे सांगतात.

आता जी गोष्ट सांगतो ती आपल्या मॉरिशसच्या वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. आपल्या बेटावर गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली. आपले पूर्वज उसाच्या मळ्यांत करारावर आले, ते त्या रिकाम्या झालेल्या जागा भरण्यासाठी. ब्राझीलमध्ये मात्र माणूस विकण्याचा कायदा आणखी त्रेपन्न वर्षे चालला. शिकीन्याबाई त्या चळवळीत उतरल्या. सभांना गेल्या, आपल्या रचनांचे छापील कागद दारोदार हिंडून विकले, आणि त्या पैशांतून झोझे फ्लाउता नावाच्या एका गुलाम वादकाला त्याच्या मालकाकडून सोडविले. १३ मे १८८८ रोजी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. पोट हातावर असलेल्या, माहेर तुटलेल्या बाईने एका माणसाची मोकळीक विकत घेतली होती, ती त्याआधीच.

आणि आता ते गाणे. १८९९ साली बाई रिओच्या आंदाराई भागात राहत होत्या. शेजारी ‘रोझा दे ओरो’, म्हणजे सोन्याचा गुलाब, नावाचे एक कार्निव्हल मंडळ तालीम करीत होते. अशा मंडळांना ‘कोर्दांव’ म्हणत. त्यांत बहुतेक गरीब, काळे व मिश्र वंशाचे लोक असत. मुखवटे घालून, ताशे-ढोल वाजवीत ते रस्त्याने निघत. श्रीमंतांचे कार्निव्हल वेगळे होते. ते नाट्यगृहांत मुखवट्यांचे नाच करीत आणि सजविलेल्या गाड्यांतून मिरवीत. मंडळाचे लोक बाईंकडे गाणे मागायला आले. बाईंनी त्यांच्या चालण्याचा ठेका ऐकला आणि पिआनोवर बसून ‘ओ अब्रे आलास’ हे गाणे रचले. गर्दीने बाजूला होऊन पुढे येणाऱ्यांना वाट द्यावी, एवढाच त्याच्या नावाचा अर्थ. गणेश विसर्जनाच्या दिवशी झाकरीवाले पुढे आणि मूर्ती मागे, अशा गर्दीत जो चालला आहे, त्याला ही विनंती वेगळी समजावून सांगायला नको. हे गाणे पुढे कित्येक वर्षे रिओच्या रस्त्यांवर गायिले गेले, आणि कार्निव्हलसाठी गाणी रचण्याची प्रथा त्यापासून पडली.

बाईंचे संगीत खालच्या दर्जाचे, असे म्हणणारे संपले नव्हते. १९१४ साली राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नाइर दे तेफे यांनी राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यातील समारंभात गिटारवर बाईंची ‘कोर्ता-झाका’ ही रचना वाजविली. रुई बार्बोझा या विद्वान पुढाऱ्याने सिनेटमध्ये त्यावर कडाडून टीका केली. रस्त्यावरचे संगीत वाड्यात आले, हाच गुन्हा. पण वाड्याबाहेरच्या लोकांनी निकाल केव्हाच दिला होता. १९१२ सालच्या त्यांच्या ‘फोरोबोदो’ या नाटकाचे दीड हजारांच्या आसपास प्रयोग झाले, असे सांगतात.

एवढे होऊनही पैसा छापणारे नेत, रचणाऱ्याला हाती काही नसे. युरोपच्या प्रवासात बर्लिनच्या एका दुकानात आपल्याच रचना आपल्या परवानगीवाचून छापून विकल्या जात असलेल्या बाईंना दिसल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांनी हा प्रश्न तडीस नेला. १९१७ साली नाट्यलेखक व संगीतकारांच्या हक्कांसाठी ब्राझीलमध्ये संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत बाई होत्या. वय सत्तरीला पोहोचले होते. शेवटच्या नाटकाचे संगीत त्यांनी १९३३ साली, पंचाऐंशी वर्षे उलटल्यावर केले.

२८ फेब्रुवारी १९३५ रोजी, गुरुवारी, शिकीन्याबाईंनी डोळे मिटले. दोन दिवसांनी कार्निव्हल सुरू झाला. सांबा शाळांच्या मिरवणुकीच्या स्पर्धेला नगरपालिकेची मान्यता मिळाली तीही त्याच वर्षी. ज्या गरीब वस्त्यांच्या मंडळासाठी बाईंनी गाणे रचले, तशाच वस्त्यांतून या शाळा निघाल्या होत्या. १९८५ साली मांगेरा या नामांकित सांबा शाळेने आपली सारी मिरवणूक बाईंच्या जीवनावर बसविली. २०१२ साली ब्राझील सरकारने त्यांचा जन्मदिवस, १७ ऑक्टोबर, हा लोकप्रिय संगीताचा राष्ट्रीय दिवस म्हणून कायद्याने ठरविला. माहेरी जे नाव उच्चारायचे नव्हते, ते असे कायद्यात लिहिले गेले.

पुढच्या वेळी रिओची मिरवणूक टेलिव्हिजनवर लागली, तर मुलांना सर्वांत पुढचा चित्ररथ दाखवा. त्याला ब्राझीलमध्ये ‘अब्रे-आलास’ म्हणतात. आणि आपल्या घरातली एखादी मुलगी झाकरीच्या सरावाला, ढोलकी शिकायला किंवा हार्मोनियमवर बसायला जाते म्हणाली, तर घरकामाचे निमित्त सांगून तिला अडवू नका. शिकीन्याबाईंना गाण्यासाठी लेकरे सोडावी लागली. आपल्या मुलींना काही सोडावे लागू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.