जे मशीन रोलेक्समध्ये, तेच याच्या घड्याळात : शेतकरी जिम क्लार्कची गोष्ट

तारीख 26 ऑक्टोबर 2017. न्यूयॉर्कमध्ये फिलिप्सच्या लिलावात एक जुनं, वापरलेलं मनगटी घड्याळ विक्रीला आलं. हॉलिवूडचा हिरो पॉल न्यूमन याचं रोलेक्स डेटोना. बायकोनं त्याला भेट दिलेलं. लिलाव संपला तेव्हा सगळा हिशोब धरून या घड्याळाची किंमत झाली होती 1 कोटी 77 लाख डॉलर. त्यावेळच्या भावानं जवळपास 115 कोटी रुपये.

आता यातली गंमत बघा. त्या काळातल्या डेटोनाच्या आतलं मूळ मशीन रोलेक्सचं नव्हतंच. ते होतं व्हालजू 72. व्हालजू हा घड्याळांची मशीन बनवून इतर कंपन्यांना विकणारा स्वित्झर्लंडमधला कारखाना. रोलेक्स त्यांच्याकडून मशीन घ्यायची, त्यात आपले बदल करायची आणि आपल्या केसमध्ये बसवायची. हेच व्हालजू 72 दुसऱ्या अनेक कंपन्याही वापरायच्या. त्यातलीच एक होती एनिकार.

एनिकारचं हे घड्याळ ज्याच्या मनगटावर होतं, त्याला त्या काळातला जगातला सगळ्यात वेगवान ड्रायव्हर म्हणायचे. त्याचं नाव जिम क्लार्क. धंदा शेती.

मेंढरं राखणारं पोरगं

जिमचा जन्म 4 मार्च 1936 चा, स्कॉटलंडच्या फाइफ भागातल्या किलमनी गावचा. घर शेतकऱ्याचं. चार बहिणींच्या पाठीवर झालेला हा एकुलता एक मुलगा. 1942 मध्ये कुटुंब इंग्लंडच्या सीमेजवळच्या एडिंग्टन मेन्स या शेतावर राहायला गेलं. सोळाव्या वर्षी जिमनं शाळा सोडली आणि शेती, मेंढरं, गुरांचे बाजार यात लक्ष घातलं. पुढं ही सगळी शेती त्यालाच बघायची होती.

पण पोराला गाड्यांचा नाद लागला. घरच्यांना तो अजिबात पसंत नव्हता. त्या काळात रेसिंग म्हणजे हेल्मेट नावापुरतं, सीटबेल्ट नाही आणि दरवर्षी ड्रायव्हर मरायचे. एकुलत्या एका मुलानं यात पडावं असं कुठल्या आईबापाला वाटेल?

मग मदतीला आला एक मित्र. इयान स्कॉट वॉटसन हाही शेतकरीच. त्यानं 1956 मध्ये क्रायमंडच्या शर्यतीत स्वतःची डीकेडब्ल्यू गाडी जिमला चालवायला दिली आणि तिथून गाडी रुळावर आली. 1958 च्या ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी ब्रँड्स हॅच ट्रॅकवर जिम लोटस एलिट घेऊन उतरला. त्याच शर्यतीत लोटस कंपनीचा मालक कॉलिन चॅपमनही गाडी चालवत होता. चॅपमन पहिला आला, जिम दुसरा. आपलीच गाडी इतकी पळवणारा हा पोरगा चॅपमनच्या नजरेत भरला. 1960 मध्ये जिम लोटसकडून फॉर्म्युला वनमध्ये आला.

पहिल्याच वर्षी मरण बघितलं

जिमची ती दुसरीच फॉर्म्युला वन शर्यत होती. बेल्जियमचा स्पा ट्रॅक. त्या एकाच दिवसात ख्रिस ब्रिस्टो आणि ॲलन स्टेसी हे दोन ड्रायव्हर गेले. स्टेसी तर जिमच्याच टीममधला. पुढच्याच वर्षी इटलीच्या मोंझामध्ये जिमच्या आणि वोल्फगांग फॉन ट्रिप्सच्या गाड्या एकमेकांना लागल्या. फॉन ट्रिप्ससह 15 प्रेक्षकांचा जीव गेला. जिमला खरचटलंही नाही, पण चौकशीचा ससेमिरा मात्र त्याच्या मागं बराच काळ राहिला.

स्पा ट्रॅकचा त्याला मनापासून तिटकारा होता. पण 1962 ते 1965 अशी सलग चार वर्षं तिथली शर्यत त्यानंच जिंकली. 1963 मध्ये तर धो धो पावसात आठव्या नंबरवरून सुरुवात करून तो जवळपास पाच मिनिटांच्या फरकानं जिंकला. दुसऱ्या नंबरच्या ब्रूस मॅकलारेनला सोडून बाकी सगळ्यांना त्यानं पूर्ण एका फेरीनं मागं टाकलं होतं. त्या वर्षी 10 पैकी 7 शर्यती जिंकून तो पहिल्यांदा जगज्जेता झाला.

1965 हे वर्ष तर नादखुळाच होतं. मोनॅकोची शर्यत सोडून तो अमेरिकेत इंडियानापोलिस 500 ला गेला. 200 पैकी 190 फेऱ्या आघाडीवर राहून तिथं जिंकला. परत येऊन फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपदही घेतलं. एकाच वर्षात या दोन्ही गोष्टी करणं आजपर्यंत दुसऱ्या कोणालाच जमलेलं नाही.

याच वर्षीचा सिल्व्हरस्टोनचा किस्सा ऐकण्यासारखा आहे. शर्यतीच्या शेवटी इंजिनातलं तेल कमी पडायला लागलं. जिमनं काय केलं? वळणांवर तो इंजिन बंद करायचा आणि सरळ रस्ता आला की पुन्हा चालू करायचा. मागून ग्रॅहम हिल दर फेरीला जवळ येत होता. तरीही जिम सुमारे तीन सेकंदांनी जिंकला.

गाडीतला आणि गाडीबाहेरचा जिम यांत जमीनअस्मानाचा फरक होता. बाहेर हा माणूस लाजाळू, सतत नखं खाणारा. साध्या साध्या गोष्टींचा निर्णय घ्यायलाही त्याला वेळ लागायचा.

उलट्या नावाचं घड्याळ

आता मुद्द्याच्या घड्याळावर येऊ. क्रोनोग्राफ म्हणजे काय, तर ज्यात स्टॉपवॉचही असतं असं घड्याळ. वरचं बटण दाबलं की मोठा सेकंद काटा पळायला लागतो. पुन्हा दाबलं की थांबतो. खालचं बटण दाबलं की परत शून्यावर येतो. व्हालजू 72 मध्ये डायलवर तीन छोट्या चकत्या असतात. एक नेहमीच्या सेकंदांची, एक 30 मिनिटं मोजणारी आणि एक 12 तास मोजणारी. बॅटरी नाही, रोज चावी द्यायची. तेव्हा फेऱ्यांच्या वेळा माणसंच हातानं मोजायची, त्यामुळे रेसिंगवाल्यांसाठी हे कामाचं हत्यार होतं.

एनिकार ही कंपनी काढली आरिस्ट रासीन यांनी. त्यांच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचलं की एनिकार होतं. 1956 मध्ये स्विस गिर्यारोहकांच्या मोहिमेनं एव्हरेस्ट सर केलं आणि ल्होत्सेवर तर माणसाचं पहिलं पाऊल ठेवलं. त्यांच्यासोबत एनिकारची घड्याळं होती. तिथूनच कंपनीच्या घड्याळांना शेर्पा हे नाव मिळालं. या मालिकेतला क्रोनोग्राफ म्हणजे शेर्पा ग्राफ. मशीन व्हालजू 72, केस पाण्यात टिकणारी. जिम हेच घड्याळ वापरायचा आणि कंपनीच्या जाहिरातीतही तो झळकला. आजही जुन्या घड्याळांचे शौकीन शेर्पा ग्राफला जिम क्लार्क याच नावानं ओळखतात.

मग रोलेक्सला कोटी आणि एनिकारला विसर, असं का झालं? 1969 मध्ये सेकोनं बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ आणलं आणि स्विस कंपन्यांचं कंबरडं मोडलं. रोलेक्स तगली. एनिकार 1980 च्या दशकात बुडाली. मागं जुनी घड्याळं मिरवणारं फारसं कोणी उरलं नाही. मशीन तेच राहिलं, नाव तेवढं पुसलं गेलं.

हॉकेनहाइमचा पाऊस

1967 मध्ये मोंझाला जिमचा टायर पंक्चर झाला आणि तो पूर्ण एक फेरी मागं पडला. ती फेरी त्यानं भरून काढली, सगळ्यांना गाठलं, पुन्हा पहिला आला. आणि शेवटच्या फेरीत पेट्रोलनं दगा दिला. तिसऱ्या नंबरवर समाधान मानावं लागलं. लोटसच्या गाड्या अशाच होत्या. चॅपमन त्या इतक्या हलक्या बनवायचा की एक तर जिंकायच्या, नाहीतर मोडायच्या. 1962 आणि 1964 ही दोन जगज्जेतेपदंही जिमच्या हातून तेलगळतीमुळं शेवटच्या शर्यतीत निसटली होती.

1 जानेवारी 1968 ला दक्षिण आफ्रिकेत त्यानं पंचविसावी शर्यत जिंकली आणि फँजिओचा 24 विजयांचा विक्रम मोडला. फक्त 72 शर्यतींत 25 विजय आणि 33 वेळा पोल पोझिशन.

त्यानंतर तो एकही फॉर्म्युला वन शर्यत धावला नाही.

7 एप्रिल 1968. जर्मनीचं हॉकेनहाइम. शर्यत खालच्या दर्जाची, फॉर्म्युला टूची. हवा पावसाळी. जिमची गाडी अचानक रस्ता सोडून झाडांवर आदळली. तिथं कठडा नव्हता. मागचा टायर बसला असावा, असं मानलं जातं. वय होतं 32.

बाकी ड्रायव्हर हादरले ते वेगळ्याच कारणानं. जिम कधी चुकत नाही, असं सगळेच धरून चालायचे. तोच जर वाचत नसेल, तर आपलं काय? पुढच्या तीन महिन्यांत माइक स्पेन्स, लुडोविको स्कारफिओटी आणि जो श्लेसर हेही गेले. जिमचा मित्र जॅकी स्टुअर्ट यानं ट्रॅकवर कठडे, डॉक्टर आणि सीटबेल्ट यांसाठी जी लढाई लढली, तिच्या मुळाशी ही मरणं होती.

शौक करायचाच असेल तर

शेर्पा ग्राफही आता काही शंभरातलं घड्याळ राहिलेलं नाही. शौकिनांना त्याच्या आतलं मशीन कळलं आणि भाव चढले. तरी जुन्या डेटोनाच्या मानानं ते बरंच खाली मिळतं. बंद पडलेल्या, विसरलेल्या कंपन्यांचे क्रोनोग्राफ तर अजून स्वस्त असतात. पण घेताना नाव नाही, आतलं मशीन बघायचं. मागचं झाकण उघडून दाखवायला सांगायचं. बटणं दाबून काटा बरोबर शून्यावर येतो का, ते तपासायचं. सर्व्हिसिंगचा खर्च आधीच किमतीत धरायचा. आणि डायल नव्यानं रंगवलेली नाही ना, हे नीट बघायचं. जुन्या घड्याळांवर चकचकीत नवी डायल रंगवून विकण्याच्या प्रकाराला जगभरातले शौकीन मुंबई स्पेशल म्हणतात. आपल्याच गावाच्या नावानं फसायला नको.

जिमला पुरलं ते चर्नसाइड गावात, त्याच्या शेताजवळ. या गावात त्याच्या आठवणीत एक घड्याळ उभारलंय. आणि कबरीच्या दगडावर त्याची ओळख कोरलीय. दोन वेळचा जगज्जेता, इंडियानापोलिसचा विजेता हे सगळं त्यावर आहे. पण त्याच्याही आधी लिहिलंय, शेतकरी.