ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स

परिश्रम पुष्कळ जण करितात. परंतु सारे परिश्रम एकाच हेतूस वाहून तो जन्मभर न सोडणारे थोडेच. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे आद्य पुरुष फादर थॉमस स्टीफन्स हे अशा थोड्यांपैकी एक होत.

त्यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळी तेथे कॅथोलिक धर्म पाळणे राजाज्ञेविरुद्ध होते. स्वदेश सोडून त्यांनी १५७५ साली रोम येथे येशूसंघात प्रवेश केला. १५७९ च्या एप्रिलात ते लिस्बनहून गलबतावर चढले आणि सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. पुढील चाळीस वर्षे त्यांनी याच भूमीत वेचिली.

त्यांची बहुतेक सेवा साष्टी प्रांतात झाली. ती सुखाची नव्हती. देवळे पाडल्याचा रोष लोकांच्या मनात धुमसत होता, आणि १५८३ साली कुंकळ्ळी येथे येशूसंघाचे पाच जण मारले गेले. अशा काळी फादर स्टीफन्स यांनी लोकांच्या अंतःकरणाची वाट त्यांच्या भाषेतून शोधिली. कोकणी व मराठी या दोन्ही भाषा त्यांनी कष्टाने आत्मसात केल्या. नवख्रिस्ती जनांची जुनी पुराणे सुटली होती, जुन्या पोथ्यांवर सत्तेची बंदी होती. त्या जागी ऐकावयास व गावयास काही नव्हते. ही उणीव भरून काढणे हाच त्यांचा ध्यास झाला.

आपल्या नाशिकची गोदावरी पुढे ज्या पैठणास जाते, तेथील संत एकनाथ हे त्यांचे समकालीन. ज्या ओवीत एकनाथांनी भागवत सांगितले, त्याच ओवीत या परदेशी धर्मगुरूने ख्रिस्तचरित्र सांगितले. दोन भागांचे आणि १०,९६२ ओव्यांचे हे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले.

मात्र त्यांची एक इच्छा अपुरीच राहिली. एतद्देशीय लिपीचे खिळे मिळावेत म्हणून त्यांनी १६०८ साली वरिष्ठांस लिहिले होते. ते मिळाले नाहीत, आणि मराठी ग्रंथ रोमन अक्षरांत छापावा लागला. १६१९ साली ते निवर्तले. त्यांचे कोकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ साली व कोकणी व्याकरण १६४० साली प्रसिद्ध झाले. ख्रिस्तपुराणाच्या मूळ आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. भाविकांनी हातांनी उतरून ठेविलेल्या पोथ्यांमुळेच ते तगले. १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले आणि १९५६ साली पुण्यास देवनागरीत प्रसिद्ध झाले.

धर्मबंधुभगिनींनो, फळ दिसत नाही म्हणून त्यांनी काम थांबविले नाही. मुलांस प्रार्थना शिकविणारी माता, दर रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेणारा शिक्षक, गायनवृंदात निमूटपणे गाणारा तरुण, यांच्या श्रमांचे फळ कदाचित पुढील पिढीच पाहील. आपला धर्मग्रामही अशाच श्रमांनी उभा राहिला. या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी फादर स्टीफन्स यांचे स्मरण करून आपण प्रत्येकाने आपल्या वाट्याचे काम नेटाने पुढे चालवावे.