आकाशवाणीची धून देणारे वॉल्टर कॉफमन

आकाशवाणी सुरू होताना तंबोऱ्याच्या सुरावर व्हायोलिन वाजतं. वऱ्हाडातल्या जुन्या माणसांच्या कानात ही धून पक्की बसली आहे. ती रचली वॉल्टर कॉफमन यांनी. ते ज्यू होते आणि नाझींच्या छळामुळे मुंबईला आले होते.

त्यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबाड येथे झाला. हे गाव आज झेक प्रजासत्ताकात आहे. बर्लिन व प्राग येथे ते शिकले. प्रागला त्यांनी पीएच.डी.चा अभ्यास पूर्ण केला. पण आपले मार्गदर्शक नाझी विचारांचे आहेत हे कळल्यावर त्यांनी ती पदवी घेतलीच नाही. वर्षांची मेहनत हातची गेली, तरी ते मागे हटले नाहीत.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. १९३४ मध्ये कॉफमन मुंबईत आले, कारण भारताचा व्हिसा लवकर मिळत होता. कोकणातले बेने इस्रायली ज्यू तर आपल्याकडे शेकडो वर्षांपासून मराठी बोलत सुखानं राहत होतेच.

कॉफमन यांना आपलं संगीत सुरुवातीला मुळीच कळलं नाही. पण लाखो लोकांना जे आवडतं ते वाईट कसं असेल, असा विचार त्यांनी केला. उणीव आपल्याच समजेत आहे असं मानून ते शिकायला बसले. मुंबईत त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली. १९३७ ते १९४६ या काळात त्यांनी आकाशवाणीत काम केलं.

इकडे १९३८ मध्ये त्यांचं गाव नाझींनी घेतलं. पुढे युरोपात सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या झाली. त्यालाच होलोकॉस्ट म्हणतात. कॉफमन तिथेच थांबले असते तर त्यांचं काय झालं असतं, याचा विचार करा.

१९४६ मध्ये त्यांनी भारत सोडला. कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचे ते संचालक झाले. नंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवलं आणि भारतीय रागांवर मोठे ग्रंथ लिहिले. १९८४ मध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाचा द्वेष करा, असं नाझी शिकवत होते. कॉफमन यांनी मात्र वेगळं दिसलं ते समजून घेतलं.

आता वहीत लिहा : पदवी समोर असताना ती नाकारणं बरोबर होतं का? तुम्ही काय केलं असतं आणि का?