फडेप्पा चौगुले: व्हिटॅमिन सी ची गोळी यायच्या आधीचा मॅरेथॉनपटू

मॅरेथॉननंतर व्हिटॅमिन सी आणि ई च्या गोळ्या घेतल्या की पाय लवकर मोकळे होतात, हे तुम्हीही ऐकलं असेल. फडेप्पा दरेप्पा चौगुलेंकडे असली गोळी नव्हतीच.

१९०२चा जन्म, गाव बेळगाव. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत ते चमकले. तिथली अनवाणी धावणारी पोरं पाहून दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचा संघ गेला. तिथली मॅरेथॉन आजच्यापेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची. चौगुलेंनी ती २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पूर्ण केली आणि १९वे आले. (परभणीच्या ज्योती गवते यांनी २०१७ची मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांत जिंकली, तीही २ तास ५० मिनिटांतच!)

मग त्यांचं शरीर सावरायचं कसं? धावताना स्नायूंत फ्री रॅडिकल्स तयार होतात. पेशींना मजबूत व्हायचा निरोप त्यांच्याकडूनच मिळतो आणि शरीर स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा वाढवतं. रोजचे मोठे डोस हा निरोपच अडवू शकतात. नॉर्वेतल्या २०१४च्या प्रयोगात ११ आठवडे सी आणि ई घेणाऱ्यांच्या स्नायूंत सरावाचे काही अपेक्षित बदल दिसलेच नाहीत. दुखण्याचं म्हणाल, तर २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात ५० अभ्यास तपासूनही जाणवण्याइतका आराम सापडला नाही. पेरू-आवळा खुशाल खा, वाद गोळीचा आहे.

व्हिटॅमिन सी ची ओळख पटली १९३२मध्ये, अँटवर्पनंतर १२ वर्षांनी. चौगुले १९५२मध्ये गेले, तोवर ते कारखान्यात बनू लागलं होतं.